काकडाशिवाय

खराडी, पुणे
३ जून २०२४

योगिता,

परत तेच ना? मनीऑर्डर परत आली. पोस्टमनने वर लिहिलंय, 'घेण्यास नकार'. म्हणजे आईने परत तोंड फिरवलं आणि तू शेजारी उभी राहून बघत बसलीस. चार हजार रुपये मी काय पोस्टाला फिरायला पाठवले होते? आणि त्या पांड्याला माझ्याकडून विचार. शिरपामाळ बघायला आलेले पाहुणे पुण्याला सोडायला आलास, मला भेटलास, मी चहा पाजला, जेवू घातलं, आणि मोखाड्यात उतरल्या उतरल्या पहिली बातमी काय दिलीस? "उमेश दारूच्या गुत्त्यावर हाय." जीप चालवतो का रेडिओ?

गुत्ता नाही तो. पब म्हणतात. बा गेला तेव्हा आई काय बोलली ते मला तुझ्यापेक्षा जास्त आठवतं, तू लहान होतीस. सूर्यमाळच्या रस्त्यावरून त्याला खाटेवर घालून आणला, मेलेल्या तोंडालाही वास येत होता. तेव्हाच आई म्हणाली, दारू ओतणाऱ्या हाताचा पैसा या चुलीपाशी येणार नाही. मी ओतत नाही. मी किचनला आहे. बार वेगळा, किचन वेगळं, मधे दार आहे.

इथं कोरियाचं जेवण मिळतं. आजूबाजूच्या सोसायटीतली माणसं येतात. गुरुवारी तर सत्तरीच्या विद्युल्लताबाई येतात मैत्रिणी घेऊन. रिटायर मास्तरीण आहेत, नातीबरोबर कोरियाच्या मालिका बघून बघून हे खायला शिकल्या. दारूला शिवत नाहीत. माणूस एक आणि पुढे वाट्या सात. काड्यांनी उचलायचं. कोबीला मीठ आणि लाल तिखट चोळून बरणीत ठेवतात, बुडबुडे आले की खायचं. आई म्हणाली असती नासलंय. आणि ऐक, बारीक सुकी मासळी असते, आपल्या सुकटीसारखीच, ती साखर घालून परततात!

जेवण बनवतात त्या अवंती मॅडम सोलापूरच्या. कोरियात दोन वर्षं राहून शिकल्या. परवा म्हणाल्या, तिकडे डोंगरातला पाला, देठ, कोंब सगळं खातात, तुमच्याकडे काय मिळतं? मी सांगितलं, पहिल्या पावसात रानात कोंब निघतात, शेवळं. त्या म्हणाल्या, मागव, आपण कोरियाच्या पद्धतीने करू. परागशेठ पण हो म्हणाले. परागशेठ म्हणजे पबचे मालक, जव्हारच्या दामोदरशेठचे चिरंजीव, ज्यांच्या दुकानात आई तांदूळ निवडायला जायची.

तर आईला सांग, शेवळं पाठव. पैसे घेऊ नको, पण शेवळं पाठव. मग कळेल हे जेवणाचं ठिकाण आहे का गुत्ता.

फोनवर माझा आवाज आला की आई उठून अंगणात जाते. कागद मात्र बसून ऐकते, म्हणून लिहितोय. नीट वाच. रागाचं मधलं गाळ.

उमेश

सूर्यमाळ
१० जून

दादा,

गाळलं नाही काहीच. मंगळीकाकी पण ऐकायला बसली होती. साखर घातलेल्या सुकटीवर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "मग चहात मीठ टाकत असतील," म्हणाली. आई हसली नाही. तिने एकच विचारलं, "किचनला हाय म्हणतो, तर हाताला भाजल्याचं काय लिवलंय का?" मी म्हटलं, नाही.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाटी घेऊन रानात गेली. शेवळं नुकती निघालीत. मी म्हटलं, त्याचा पैसा नको आणि त्याच्यासाठी डोंगर चढतेस? तर म्हणाली, "पैसा नाकारता येतो. कोणी खायला मागितला तर नाय म्हनायचा नसतो."

तीन जुड्या आहेत, पळसाच्या पानात. दामोदरशेठच्या दुकानाचा टेम्पो पुण्याला निघालाय त्यात टाकते. हिरवी फळं आहेत ती काकडं, वेगळ्या फडक्यात बांधलीत. तुला माहीत आहेच, पण तुमच्या मॅडमना माहीत नसणार. आई तीनदा म्हणाली म्हणून मी तीनदा लिहिते. आतला पिवळा भाग काढून टाकायचा. काकड ठेचून त्यातच शिजवायचं. काकडाशिवाय एक तुकडाही तोंडात घालायचा नाही, घसा धरतो.

इथं पाण्याचं तेच. टँकर आला तर आला. अंगणवाडीत मदतनीस म्हणून माझं काम चालू आहे.

तुझं शुद्धलेखन अजून सातवीतच बसलंय.

योगिता

खराडी
१५ जून

योगिता,

शेवळं पोचली. झाली. लोकांनी खाल्ली. सगळ्यांना आवडली म्हणून आईला सांग.

एक विचारायचं होतं. असंच. घसा धरला तर किती दिवस राहतो? म्हातारं माणूस असलं तर? मागे रखमीच्या सासूला झालं होतं ना, ती बरी झाली होती का? मला नीट आठवत नाही.

फोन लावू नको. माझा फोन माझ्याकडे नाही. जव्हारहून कोणी आलं आणि काही विचारलं तर काही बोलू नका.

हे शेवटचं आईला वाचून दाखवू नको.

उमेश

सूर्यमाळ
२० जून

दादा,

तुझं पत्र पोचायच्या आधी जिवा पोचला. दामोदरशेठचा माणूस, दुकानात वजन करतो तो. मोटारसायकलवर आला, पायरीवर बसला, पाणी मागितलं. प्यायला आणि मग खिशातून कागद काढला. टाईप केलेला. मी वाचला. "मी बाळी जैतू, राहणार सूर्यमाळ, तालुका मोखाडा, कबूल करते की मी विषारी रानभाजी खाण्यालायक आहे असे सांगून विकली." खाली अंगठ्याला जागा.

जिवा म्हणाला, पुण्यात एक बाई तुमची भाजी खाऊन दवाखान्यात पडली. तिचा मुलगा पोलिसात जायचं म्हणतोय. कोणाचं तरी नाव द्यावं लागेल. अंगठा दिला तर म्हातारीला कोण काय करतंय, समज देतील नि सोडतील. नाही दिला तर भाजी आणली कोणी? उमेशने. मग त्याला आत घेतील.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "विकली कुठं? पाठवली." जिवा म्हणाला, "तेच ते." आई म्हणाली, "तेच कसा? विकली तर पैसा घेतला असता. मी दमडी घेतली नाय. पाठवली." यावर अर्धा तास गेला. मला हसावं का रडावं कळेना. जिवा वैतागला. म्हणाला, "बरं, पाठवली लिहून आणतो. शुक्रवारी, अठ्ठावीसला येतो. शाई मी आणीन."

आणि दादा, तो गेल्यावर आई मला म्हणाली, "पाठवली लिवलं तर मी अंगठा देईन. पोरगा सुटत असेल तर देईन." हाच अंगठा. रेशनच्या मशीनवर उठत नाही म्हणून तीन वेळा घासतात तो. तो त्या कागदावर बरोबर उठेल.

रखमीच्या सासूचं विचारलंस. ती बरी झाली होती. चौथ्या दिवशी शिव्या द्यायला लागली होती. पण तिने काकड न घालता खाल्लं होतं, घाईत. म्हणून मी तुला सरळ विचारते. काकडं कुठे गेली? आईने स्वतः फडक्यात बांधली, मी स्वतः टेम्पोत ठेवली. तू किचनमध्ये होतास ना? मग?

अठ्ठावीसच्या आत लिही. खरं लिही. खोटं लिहिलंस तर मी आईला तसंच वाचून दाखवीन आणि ती त्यावर अंगठा देईल.

योगिता

खराडी
२४ जून

योगिता,

हे सगळं वाच. गाळू नको.

मी किचनला नव्हतो. तीन महिने झाले, मी बारला आहे. जो होता तो पळून गेला, परागशेठ म्हणाले, तू उंच आहेस, चेहरा बरा आहे, काळा शर्ट घाल आणि उभा राहा. दोन हजार वाढवले. ग्लास भरायचे, टेबलावर न्यायचे, हसायचं. हाताला भाजल्याचं लिहिलं नाही कारण भाजलंच नाही. आईने बरोबर ओळखलं.

त्या गुरुवारी संध्याकाळी विद्युल्लताबाई आल्या. आठ जण होते, नात बारावी पास झाली म्हणून मुलगा, सून सगळे. परागशेठनी फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'सह्याद्रीची शेवळं, कोरियन पद्धत, फक्त आज. ३८०.' माझी छाती इतकी फुगली होती, तुला काय सांगू. आईचं रान फळ्यावर.

मी दुपारीच किचनच्या दारातून अवंती मॅडमना ओरडून सांगितलं होतं, "मॅडम, काकड घाला, काकड घातल्याशिवाय नाही जमत." मिक्सर चालू होता. त्या म्हणाल्या, "घालणार, घालणार." मी परत बारला गेलो. त्यांना काकड म्हणजे काय ते माहीतच नाही. सोलापूरला कुठलं काकड. त्यांना काकडी ऐकू आलं. आणि कोरियाच्या जेवणात काकडी कशातही घालतात, त्यामुळे त्यांना खटकलंही नाही. फडक्यातली फळं त्यांनी कच्चे आवळे समजून फ्रिजमध्ये ठेवली. तुझी चिठ्ठी माझ्या खिशात होती. तीनदा लिहिलेली. माझ्याच खिशात.

हे झालं चुकीचं. आता गुन्ह्याचं ऐक.

वाट्या टेबलावर गेल्या तेव्हा मी तिथेच होतो. हातात ट्रे, सहा ग्लास भरलेले. मी वाटीत बघितलं. लाल तिखट, वर तीळ, आणि शेवळांच्या मधे काकडीच्या चकत्या. मला तिथेच कळलं, योगिता. पण मी मनाला म्हटलं, काकडी वरून घातली असेल, काकड आत असेलच. मग म्हटलं, ट्रे ठेवतो आणि किचनमध्ये जाऊन विचारतो. आता ओरडलो तर सगळे म्हणतील, जंगलातलं आणून काय खायला घालताय, परागशेठ चारचौघांत कान धरतील. एक एक करून सहा ग्लास ठेवले. हसत ठेवले. सहावा ठेवला तेव्हा बाईंनी काडीने तुकडा उचलून तोंडात घातला होता आणि मला म्हणाल्या, "उमेश, तुझ्या आईला सांग, झकास."

किचनपर्यंत पोचलो नाही, मागे खोकला ऐकू आला.

सात जणांना नुसती खाज आली, दही खाऊन गेली. बाईंचा घसा सुजला, ओठ एवढाले झाले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दोन दिवस दवाखान्यात होत्या. आता घरी आहेत, पण आवाज गेलाय, पाटीवर लिहून बोलतात म्हणे. त्यांचा मुलगा सौरभ रोज येऊन परागशेठशी भांडतो. परागशेठनी माझा फोन काढून घेतला, म्हणाले कोणाशी बोलायचं नाही, भाजीच विषारी होती असं सांगायचं. मी 'हो' म्हणालो. काय करणार? एक वाक्य तर बोलायचं होतं. पळून जावंसं वाटतं रोज. बॅग भरून ठेवलीय.

आईला म्हणावं, अंगठा देऊ नको. मी सांगेन. कधी, कसं, ते माहीत नाही. पण देऊ नको.

उमेश

सूर्यमाळ
२९ जून

दादा,

हे पत्र पोस्टाने नाही, पांड्याच्या हातात येतंय. सोबत बोचकं आहे.

सगळं वाचलं. आईने एक ठिकाणी थांबवलं. ग्लास ठेवलेस ते. म्हणाली, "परत वाच." वाचलं. "किती म्हनला?" सहा. मग ती बराच वेळ चुलीत फुंकत बसली, चूल पेटलेली होती तरी. शेवटी म्हणाली, "बापाचा तोंड दारू पिऊन बंद झाला. याचा न पिताच."

काल जिवा आला. कागदात 'पाठवली' करून आणलं होतं, शाईची डबी पण. मला वाटलं, आता देते. ती आत गेली, हात धुऊन आली आणि म्हणाली, "शेठला सांग, अंगठा माझा हाय, पळून जात नाय. आधी माझं शेवळं माझ्या काकडात शिजवून खावा. खाणारा पडला तर मी चालत जव्हारला येते नि दोन्ही अंगठे देते." जिवा म्हणाला, "खाणार कोण?" आई म्हणाली, "ज्याने ग्लास ठेवले तो."

शेवटची शेवळं आहेत, आता संपली. खालच्या ओढ्याच्या बाजूला मिळाली, तीही एक जुडी. काकडं यावेळी त्याच जुडीच्या पोटात बांधलीत, कोणी वेगळी काढू नये म्हणून. आईने सांगितलंय, त्यांच्या वाटीत खा, त्यांच्या तिखटात खा, काड्यांनी खायचं तर काड्यांनी खा. पण काकड तू ठेच, दुसऱ्या कोणाला देऊ नको.

पांड्या त्याच्या खर्चाने येतोय. त्यानेच बातमी फोडली होती म्हणून लाज वाटते म्हणतो. मला वाटतं त्याला बघायचंय. तरी बरं, साक्षीदार म्हणून त्याच्याइतकं बोलणारा दुसरा मिळणार नाही.

बॅग उघड.

योगिता

खराडी
१ जुलै

योगिता,

पांड्या बाहेर गाडीत बसलाय, हॉर्न वाजवतोय. भरभर लिहितो.

पबला आज सोमवारची सुट्टी. दुपारी परागशेठ हिशोबाला येतात, तेव्हा मी बोचकं काउंटरवर ठेवलं आणि म्हणालो, सौरभ सरांना बोलवा, मला सांगायचंय. शेठ म्हणाले, "तुला वेड लागलंय का? गप बस, आठ दिवसांत मिटेल." मी म्हणालो, "मिटेल, पण माझ्या आईच्या अंगठ्यावर मिटेल." पांड्या मागून म्हणाला, "शेठ, मी मोखाड्याहून आलोय, डिझेल जाळून. बोलवा." अवंती मॅडमनी फोन लावला. शेठ त्यांच्याकडे बघतच राहिले.

सौरभ सर आले. सोबत विद्युल्लताबाई, गळ्याला मफलर. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पाटी घेऊन बसल्या.

मी सगळं सांगितलं. काकड, काकडी, चिठ्ठी, सहा ग्लास. अवंती मॅडम खाली बघत होत्या, मग म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं." सौरभ सर उठून माझ्यासमोर आले. म्हणाले, "तुला दिसलं होतं? आणि तू ग्लास ठेवत होतास?" मी 'हो' म्हणालो. मला वाटलं मारतील. त्यांचा हात वर आला होता, योगिता. बाईंनी पाटी टेबलावर आपटली. त्यावर लिहिलं होतं, 'आधी खाऊ दे त्याला.'

किचनमध्ये मी एकटाच. पिवळा भाग काढला, काकड ठेचलं, त्यात शिजवलं. बत्ता दोनदा बोटावर बसला. मग मॅडमनी तिळाचं तेल आणि लाल तिखट दिलं, लांबून. वाटी भरली.

बाहेर आलो तर बाई म्हणाल्या, म्हणजे पाटीवर लिहिलं, 'उभ्याने नाही. बस.' दीड वर्ष इथे काम करतोय, त्या खुर्चीवर कधी बसलो नव्हतो. काड्या मला जमत नाहीत. पहिला तुकडा दोनदा पडला. पांड्या म्हणाला, "हाताने खा रे, कोरियाला कोण सांगतंय." पण आईने सांगितलं होतं, काड्यांनी तर काड्यांनी. तिसऱ्या वेळी उचलला.

चावताना मला नुसता घसाच ऐकू येत होता. सगळे माझ्या गळ्याकडे बघत होते. सौरभ सरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पाच मिनिटं. मी दुसरा खाल्ला. दहा मिनिटं. वाटी अर्धी केली. एकदा खोकलो तर मॅडमनी खुर्ची मागे ढकलली, पण ते तिखट होतं. वीस मिनिटांनी सौरभ सर म्हणाले, "बोल काहीतरी." मी म्हणालो, "मीठ कमी झालंय." आवाज साफ होता.

आणि मग बाईंनी पर्समधून स्वतःच्या काड्या काढल्या आणि माझ्या वाटीत घातल्या. सौरभ सर ओरडले, "आई!" त्यांनी ऐकलं नाही. एक तुकडा. हळूहळू चावला. आम्ही पाचही जण श्वास धरून. मग पाटी बाजूला ठेवून, घोगऱ्या आवाजात, पहिल्यांदाच बोलल्या, "त्या दिवशीपेक्षा चांगलं आहे."

जिवाकडून परत आलेला तो अंगठ्याचा कागद परागशेठनी फाडला नाही, खिशात घातला. पण सौरभ सर म्हणाले, "त्या कागदावर कोणाचा अंगठा दिसला तर मी खरंच पोलिसात जाईन, आणि तुमच्या नावाने." फोन परत मिळाला. शेठ म्हणाले, उद्यापासून बारला दिसू नको. मॅडम म्हणाल्या, भांड्यांना माणूस लागतोय, पगार कमी आहे. काळा शर्ट काउंटरवर ठेवून आलो. पुढे इथे राहीन का नाही ते अजून ठरलं नाही. बॅग अर्धी उघडलीय.

निघताना बाईंनी पैसे पुढे केले. मी हात मागे घेतला. म्हणालो, "नको, आईने विकली नाही, पाठवली. पैसे घेतले तर विकली होईल. ती घेणार नाही." बाई थांबल्या. मास्तरीण ना, शब्द कळतो. म्हणाल्या, "मग मी पण विकत घेत नाही. त्यांनी पाठवली, मी हे पाठवते. फळ्यावर लिहिलं होतं तेवढेच." आणि माझ्या मुठीत कोंबले.

तेव्हा आईला हे नीट वाचून दाखव, दोनदा. माझ्या पगारातलं यात काही नाही. बार बंद होता. ग्लास एकही भरला नव्हता. मनीऑर्डर करत नाही, 'नकार' लिहायला पोस्टमन नको मधे. पांड्याच्या हातून, पाकिटात घालून पाठवतोय, तिनेच मोजून घ्यावेत.

तीनशे ऐंशी रुपये.